ड्रॉपडाऊनमध्ये नसलेलं गाव

आजीच्या फॉर्ममध्ये जन्मगाव टाकायचं होतं, एवढीच गोष्ट. त्याच्यापायी मी तीन महिने एका सरकारी लायब्ररीच्या चकरा मारल्या, आणि शेवटी जे झालं ते आजीच्या अजून पचनी पडलेलं नाही.

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन (महिन्यातून दहा दिवस नीट चालते), बाहेर सावलीला एक बाकडं. दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड. दिवसभर लोकांना रकान्यात बसवायचं काम. अर्ध्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख 1 जानेवारी, उरलेल्यांची 1 जून, कारण शाळेत गुरुजींनी तीच टाकलेली. त्याचं काही वाटत नाही आता. पण आजीच्या वेळी पहिल्यांदा असं झालं की रकाना होता आणि त्यात टाकायला गावच नव्हतं.

वय-अधिवासाचा दाखला काढायचा होता तिचा, एका योजनेसाठी. पोर्टलवर जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. जिल्हा आला, तालुका जिंतूर आला, गावांची यादी खाली सोडली तर आजीचं माहेर त्यात नाहीच. वरून खाली दोनदा बघितली, स्पेलिंग बदलून बघितलं, शेजारच्या तालुक्यात बघितलं. नाही. टाईप करून टाकायची सोय नाही, 'इतर' नावाचा पर्याय नाही. मी म्हणलं आजी, तुझं गाव नाही यात. तर म्हणती कशी, "आसंल कसं बाप्पा, पाण्यात हाय ते."

खरंय. आजीचं माहेर येलदरीच्या पाण्यात आहे. पूर्णा नदीवरचं धरण, 1968 ला पूर्ण झालं, दहा दरवाजे, खाली 22.5 मेगावॅटचं वीजघर. आमच्याकडे येलदरी म्हणलं की लोकांना परभणी-जिंतूरचं पिण्याचं पाणी आठवतं, नाहीतर पावसाळ्यात धरण भरल्यावर बघायला गेलेली ट्रिप. खाली गावं आहेत हे आता कुणाच्या बोलण्यात येत नाही. आणि बाकीच्या धरणांसारखं पुनर्वसित गाव, नवीन जागा, तेच नाव, असंही आजीच्या गावाचं झालं नाही, कारण महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदाच मुळात 1976 चा. त्याच्या आधी ज्यांचं बुडालं त्यांना मोबदल्याची रक्कम हातात पडली आणि ज्याला जिकडं सोयरे होते तिकडं तो गेला. आजीचे भाऊ सेलूकडे गेले, चुलते वाशिमकडे, कोणी मानवतला हमाली धरली. गाव एका जागी परत बसलंच नाही. म्हणून यादीत नाही.

शेजारचं गाव मात्र आहे यादीत. ते टेकाडावर होतं, वाचलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही कारण माझे तिथले पण गिऱ्हाईक आहेत. आजीचं आणि त्या गावाचं काय वैर आहे ते लहानपणापासून ऐकतोय, शिवेवरून सुरू झालं, मग एका पोळ्याला त्या गावच्या पोरांनी यांच्या वेशीवरचं तोरण पळवलं, मग बैल अडवले, मारामाऱ्या झाल्या. एसटीतून जाताना त्या गावाची पाटी आली की आजी अजून पदर तोंडाला लावून दुसऱ्या खिडकीकडे बघती. लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

तर मी ऑफिसात विचारायला गेलो. नाव घेत नाही, कुठलंही धरा. तिथले साहेब चांगले होते, म्हणले गाव होतं याचा काहीतरी सरकारी पुरावा आणा, मग वर कळवतो. आता बुडालेलं गाव होतं याचा पुरावा कुठून आणायचा? सातबारा बंद झालेला. भूसंपादनाचा निवाडा कुठल्या रेकॉर्डरूमला असेल तो असेल. आजीचं म्हणणं, "मीच हाय की पुरावा." साहेबांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणले, कागद आणा.

तिथल्याच एका जुन्या क्लार्कने कानात सांगितलं, गॅझेटियर बघा, मागे गावांची यादी असते.

आता गॅझेटियर म्हणलं की मराठवाड्यात 2023 नंतर लोकांच्या कानात एकच गोष्ट वाजते. सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदेंची समिती बसली, कुणबी नोंदी शोधायला निजामाच्या काळातली उर्दू-फारसी-मोडीतली कागदं तपासायला लागले, मग 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा जीआर. त्या काळात माझ्या सेंटरला रोज दोन-चार माणसं यायची, "गॅझेटमध्ये आमचं नाव बघून द्या" म्हणून. मी समजावून समजावून थकलो. राजपत्र वेगळं आणि गॅझेटियर वेगळं. राजपत्रात सरकारचे आदेश, नियम, नेमणुका छापतात. गॅझेटियर म्हणजे त्या मुलखाची सगळी माहिती एका जाड पुस्तकात, नदी-डोंगर, पिकं, रीतिरिवाज, इतिहास, बाजार, रस्ते. जुन्या गॅझेटियरात जातीनिहाय आकडे आहेत, तुमच्या पणज्याचं नाव नाही. लोकांना ते पटायचं नाही. सरकारी पुस्तक आहे म्हणजे त्यात आपण असणारच, असा एक विश्वास असतो लोकांना. मला तेव्हा हसू यायचं, आणि मग मीच गेलो त्याच विश्वासाने.

सरकार गॅझेटियरला मराठीत 'दर्शनिका' म्हणतं आणि त्यासाठी वेगळा दर्शनिका विभाग आहे, मुंबईला. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचं गॅझेटियर कॅम्पबेल साहेबाने केलं, पण आपण तेव्हा त्या इलाख्यात नव्हतोच, आपण निजामाकडे. औरंगाबादचं एक 1884 ला निघालेलं आहे, निजामाच्या सरकारने काढलेलं. 1909 ला इंपीरियल गॅझेटियरचा हैदराबाद संस्थानचा खंड आला, त्यात परभणी आहे पण थोडक्यात. नीट, जाडजूड, जिल्ह्याला एक पुस्तक असं काम महाराष्ट्र झाल्यावरच झालं. परभणी 1967, बीड 1969, नांदेड 1971, उस्मानाबाद 1972, औरंगाबाद 1977. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे तेव्हा जन्मलेच नव्हते, त्यामुळे हिंगोलीवाल्याने आपलं गाव बघायचं तर परभणीच्याच पुस्तकात बघायचं.

आणि यात एक आपल्या अभिमानाची गोष्ट. साठच्या दशकात या विभागाचे कार्यकारी संपादक होते सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे. हैदराबाद संस्थानच्या नोकरीतून आलेला माणूस, उर्दू, फारसी, तेलुगू, गोंडीसुद्धा येणारा. नाहीतर आपल्याकडचं वर्णन मुंबईत बसून कोणीतरी "अजिंठा-वेरूळ आणि बाकी दुष्काळ" असं दोन ओळीत उरकलं असतं, असं आपलं माझं मत.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं, चकरा मारता मारता कळलं.

पुस्तक नेटवर आहे. या विभागाची जुनी पुस्तकं फुकट बघायला मिळतात आणि ते फार मोठं काम आहे, त्याबद्दल कोणी दोन शब्द चांगले लिहीत नाही म्हणून मी लिहितो. पण मला मोबाईलवर जी स्कॅन केलेली पीडीएफ मिळाली तिच्यात शेवटचा तक्ता मुंग्यांसारखा दिसत होता. मोठा केला की रकान्याचं डोकं वर निघून जायचं, आणि शोधायला नाव टाकलं तर सापडायचं नाही, कारण फोटोत शोधता येत नाही. शिवाय साहेबांना पाहिजे होता सही-शिक्का. पीडीएफला शिक्का कोण मारणार? म्हणून कागदाचं पुस्तक शोधत जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयाच्या लायब्ररीत गेलो.

लायब्ररी म्हणजे आवक-जावकच्या मागची खोली. एक टेबल, एक खुर्ची, सहा लोखंडी कपाटं, खिडकीला जाळी, जाळीला कबुतरं. ग्रंथपालाचं पद रिकामं. 'अतिरिक्त कार्यभार' ज्या बाईंकडे होता त्यांच्याकडे आणखी तीन टेबलं होती, त्यांनी मान वर न करता सांगितलं, किल्ली मामांकडे. मामा म्हणजे शिपाई, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले, गळ्यात मफलर, कानात वाळ्याचा फाया. मला बघितलं आणि विचारायच्या आधीच म्हणले,

"कुणबी नोंद?"

"नाही मामा, गाव शोधायचंय."

"गाव?" त्यांनी चष्मा वर केला. "कामून, हरवलं का?"

"बुडालंय."

मामा काही बोलले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा काढला आणि रजिस्टर पुढं सारलं. तारीख, नाव, गाव, पुस्तकाचं नाव, कारण, सही. मी मागची पानं चाळली, फॉर्म भरणाऱ्याची खोड. 2019 च्या एका पानावर वर्षभरात चार नोंदी, त्यातल्या दोन एकाच पीएचडीवाल्याच्या. मग 2023 चा सप्टेंबर आला आणि पानंच्या पानं भरलेली, वेगवेगळी अक्षरं, काहींचा नुसता अंगठा, आणि कारणाच्या रकान्यात एकाखाली एक तेच दोन शब्द, नंतर नंतर तर नुसत्या वरच्यासारखंच म्हणून दोन रेघा. पन्नास वर्षं या कपाटाकडे कोणी बघितलं नव्हतं, एका महिन्यात एवढे लोक आले आणि बहुतेक सगळे रिकाम्या हाताने गेले असणार. मामा म्हणले, "लई लोक रडले हितं बसून. पानी पाजायचो मी. दुसरं काय करायचं?"

मी कारणात लिहिलं, 'गाव पाहणे'.

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, जुन्या सरकारी कागदाचा, जो ज्याने हुंगलाय त्यालाच कळेल. राजपत्रांचे बांधलेले गठ्ठे. हंगाम व पीक अहवाल. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, ते दरवर्षी निघतं, मधली बरीच वर्षं गायब. 1951 आणि 1961 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. 'लोकराज्य'चे अंक सुतळीने बांधलेले. उर्दूतली काही रजिस्टरं कोपऱ्यात, ती वाचणारा इथं आता कोणी नाही, त्यांच्यावर निजामाच्या कारभारातलं फसली साल आहे. (जुन्या कागदांचं काम करणाऱ्यांसाठी: फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतं. माझ्या धंद्यात हे लई कामाला येतं.) एक कपाट उघडलंच नाही, मामा म्हणले त्याची किल्ली आधीच्या मामांच्या काळातच हरवली. आत काय आहे? "पुस्तकंच असतील की," मामा म्हणले.

लोकांना वाटतं मराठवाड्यात वाचन-बिचन सगळं नंतर आलं. तर हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1955 ला केला होता. अख्ख्या महाराष्ट्राचा झाला 1967 ला. कायद्याच्या बाबतीत आपण बारा वर्षं पुढं होतो, किल्लीच्या बाबतीत काय ते बघितलंच.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी म्हण आहे आमच्याकडे, कामधंद्याचं कुठं नाही जमलं तर परभणी आहेच, असा अर्थ लोक लावतात. मामांनी तीच म्हण म्हणत खालच्या फळीवरून परभणीची दर्शनिका ओढून काढली. पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर, बाइंडिंग परत केलेलं, वरच्या कोपऱ्यातून कसरीने एक बारीक बोगदा पाडलेला, इतिहासाच्या प्रकरणातून शिरून थेट शेतीतून बाहेर पडलेला. पुस्तक इंग्रजीत. मला इंग्रजी फॉर्मपुरतं येतं, पण शेवटच्या यादीला इंग्रजी लागतच नाही.

ती यादी सांगतो कशी असते. आडवा तक्ता, गावाला एक ओळ. गावाचं नाव, तालुक्याच्या गावापासून कुठल्या दिशेला आणि किती लांब, क्षेत्रफळ, लोकसंख्या, घरं, शेती करणारे किती, पोस्ट कुठे, रेल्वे स्टेशन कुठलं, आठवडी बाजार कुठला आणि कुठल्या वारी, मोटारस्टँड, पाण्याची सोय, आणि शेवटचा रकाना संस्था व इतर माहितीचा. हा शेवटचा रकाना सगळा आद्याक्षरांत. टी-एल म्हणजे टेम्पल, देऊळ. एम-क्यू मशीद. डी-जी दर्गा. एस-एल आणि कंसात पी-आर म्हणजे प्राथमिक शाळा. पी-वाय-टी पंचायत. सी-एच चावडी. पाण्याच्या रकान्यात डब्ल्यू म्हणजे विहीर, आर-व्ही म्हणजे नदी. जत्रा असेल तर देवाचं नाव आणि महिना-तिथी. किती गावांत एल-आय-बी, म्हणजे लायब्ररी, असं लिहिलंय ते पण मी बघत बसलो, फार नाहीत.

मला हे वाचायला दहा मिनिटं पण लागली नाहीत सवय व्हायला. मी दिवसभर हेच करतो ना, माणसाचं अख्खं आयुष्य तीन अक्षरांत. तर ज्याने कोणी ही यादी केली तो आमच्याच धंद्यातला.

आणि जिंतूर तालुक्याच्या पानावर, बोट खाली आणता आणता, सापडलं. स्पेलिंग भलतंच. पण आजीचं गाव.

1961 च्या जनगणनेवरची माहिती, पुस्तक छापलं 1967 ला, धरण 1968 ला पूर्ण. म्हणजे पुस्तक छापून येईपर्यंत गाव रिकामं व्हायला लागलेलं किंवा झालेलंच, आणि छापखान्यात मात्र चैत्र शुद्ध 15 ला मारुतीची जत्रा भरायली. लोकसंख्या तीनशेच्या आसपास. पाणी, नदी आणि विहीर. प्राथमिक शाळा एक, देवळं दोन, चावडी. त्या तीनशेत आजी नाही, तिचं लग्न त्याच्या दोन वर्षं आधी झालेलं, ती सासरी मोजली गेली असणार. पण तिचे आईबाप, भाऊ, ती लहानपणी जिच्याशी भांडली ती चुलतबहीण, सगळे त्या आकड्यात आहेत.

मी मामांना म्हणलं सापडलं. मामा वाकून बघायला लागले, त्यांना इंग्रजी येत नाही, तरी बघितलं आणि म्हणले, "एवढंच?"

मोबाईलने फोटो काढला. रात्री आजीला वाचून दाखवला, तिच्या खाटेवर बसून, लाईट गेलेली, मोबाईलच्याच उजेडात.

"चैत्री पुनवेला मारुतीची जत्रा," मी वाचलं.

"हां. शेरण्या वाटायचे. कुस्त्या नव्हत्या आमच्याकडं, कुस्त्या त्या भडव्यांच्या गावात." (त्या भडव्यांचं गाव म्हणजे कोणतं ते कळलंच असेल.)

"शाळा एक, देवळं दोन."

आजी हसायला लागली. "शाळा कुटं होती रे वेगळी? मारुतीच्या देवळातच भरायची शाळा. गुरुजी मारुतीकडं पाठ करून बसायचे म्हणून गावानं तक्रार केली व्हती." म्हणजे पुस्तकातली शाळा आणि दोनातलं एक देऊळ, ही एकच इमारत. कागदावर तीन वास्तू, गावात दोन. दुसरं देऊळ महादेवाचं, नदीच्या वळणावर. "आन् मरीआई? मरीआई लिवली का न्हाई?" नाही लिहिली. मरीआईला देऊळ नव्हतं, लिंबाखाली दगड होता शेंदूर लावलेला, छप्पर नसलेला देव मोजायची बहुतेक पद्धत नसावी. आजीला ते आवडलं नाही. "पटकी आली तवा सगळं गाव तिच्याकडंच गेलं व्हतं," ती म्हणली, "मारुतीकडं न्हाई."

मग मी वाचलं, पाणी. नदी आणि विहीर.

"हिरी दोन व्हत्या," आजी म्हणली.

"इथं नुसतं विहीर लिहिलंय आजी, किती ते नाही."

"दोन. एक आमची, गावाच्या वरच्या अंगाला, बारव व्हती, पायऱ्यांची. आन् एक त्येंची, खाली, नदीच्या काठाला." जरा वेळ गप्प बसली. "त्येंची चैतात आटायची. मग त्या बाया आमच्या हिरीपशी येऊन लांब उभ्या राहायच्या. आपण वरून वतायचं त्येंच्या घागरीत. कुणी वतलं तर वतलं. न्हाईतर दुपारपस्तोर बसून राहायच्या. मी वतायचे. आई म्हणायची, किती वतती, उशीर व्हायलाय."

"मग?"

"मग काय. यायचे निघून."

मी फोटोतल्या त्या एका अक्षराकडे बघत होतो. डब्ल्यू. ज्याने लिहिलं त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्याच्या रकान्यात तेवढीच जागा होती, आणि तलाठ्याने की पाटलाने सांगितलं ते त्याने लिहिलं. मी पण तेच केलं असतं, रोज तेच करतो. पण मला 2016 आठवलं.

2016 चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं त्या सालचा. येलदरी तळाला गेलेलं. लोक मोटारसायकली घेऊन धरणाच्या पोटात फिरायला जायचे. आजीने हट्ट धरला म्हणून मामेभावाच्या गाडीत तिला घेऊन गेलो. गाळ वाळून त्याच्या चौकटी-चौकटी झालेल्या, शिंपले, मेलेल्या माशांचा वास, कुणीतरी मधल्या ओलीवर टरबुजं लावलेली. काही ओळखू येत नव्हतं. आजी मात्र अशी चालायला लागली जशी काय बाजारातून घरी निघालीय. एका जागी गोल दगडांची कड दिसत होती, आत गाळ भरलेला, दोन पायऱ्या दिसत होत्या. तिथं उभी राहिली. मग खाली पाण्याकडं बघितलं, जिथं शेवटचं डबकं उरलेलं, आणि म्हणली, "एकच निघाली."

मी विचारलं पण नाही काय एकच. मला वाटलं म्हातारं माणूस आहे, बोलत असतं. मी तेव्हा तिचे फोटो काढत होतो स्टेटसला टाकायला.

असो. सही-शिक्क्याकडे येतो, नाहीतर म्हणाल मधेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे गेलो, म्हणलं या पानाची झेरॉक्स साक्षांकित करून द्या. त्या म्हणल्या, हे पुस्तक आहे, रेकॉर्ड नाही, पुस्तकावर आम्ही शिक्का मारत नाही. मी म्हणलं सरकारनेच छापलेलं आहे ना मॅडम? त्या म्हणल्या छापलं असेल, आम्ही लिहिलं नाही. बरोबरच आहे एका अर्थी. आठ दिवस असेच गेले, एकदा त्या रजेवर, एकदा साहेब मीटिंगला, एकदा मामाच नव्हते म्हणून किल्ली नव्हती. मग मी माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 'आपल्या ग्रंथालयातील अमुक पुस्तकाच्या अमुक पानाची प्रमाणित प्रत मिळावी'. याचा फॉर्म मी लोकांना रोज भरून देतो, स्वतःसाठी पहिल्यांदाच भरला. एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं, पानाला दोन रुपये भरा. दोन पानं होती, मुखपृष्ठ आणि यादीचं पान. चार रुपये भरले. प्रत मिळाली, गोल शिक्का, सही, 'खरी प्रत'. शिक्का नेमका आजीच्या गावाच्या ओळीवर पडला होता, नदी आणि विहीर निळ्या शाईखाली गेले, जत्रा तेवढी दिसायली.

घ्यायला गेलो त्या दिवशी मामांनी मला बाजूला बोलावलं. म्हणले, ते पुस्तक काढू का परत, माझं बी गाव बघा जरा. त्यांचं गाव काही बुडालेलं नाही, रोज तिथून अप-डाऊन करतात. बघितलं, वाचून दाखवलं. बाजार कुठला, शाळा, दोन देवळं, एक दर्गा, तालीम. तालमीवर ते एकदम खूश झाले, त्यांच्या बापाने बांधायला दगड वाहिले होते म्हणे. "आता पाडली," म्हणले, "तिथं मोबाईलचा टावर हाय." आणि रजिस्टर पुढं ओढून स्वतःचं नाव लिहिलं, पुस्तकाचं नाव लिहिलं, कारणात माझ्याकडे बघून लिहिलं, 'गाव पाहणे'. तीस वर्षं किल्ली सांभाळली, त्या रजिस्टरात त्यांची स्वतःची ती पहिली नोंद.

प्रत घेऊन पहिल्या साहेबांकडे गेलो. ते खरंच खूश झाले, "वा, काढलंच की तुम्ही!" म्हणले. पान उलटसुलट बघितलं, शेजारच्या टेबलवाल्याला दाखवलं. मग म्हणले की वर विचारलंय, यादीत गाव ॲड करायचा अधिकार जिल्ह्याला नाही, त्याला कोड लागतो, कोड वरून येतो, आणि जे गाव आता अस्तित्वात नाही त्याला नवा कोड कसा देणार. तुमची फाईल मी ठेवून घेतो, पण दाखला अडकू नये म्हणून सध्या जवळचं गाव टाका.

"जवळचं म्हणजे?"

"शिवेला शिव लागून जे असेल ते."

मी बराच वेळ कर्सर तिथं नेऊन बसलो होतो. बाहेर बाकड्यावर चार गिऱ्हाईक थांबलेले, योजनेची तारीख संपायला थोडेच दिवस राहिलेले. टाकलं. सबमिट झालं. सात दिवसांत दाखला आला, क्यूआर कोड, डिजिटल सही, सगळं व्यवस्थित.

आजीला वाचता येत नाही, पण ती सोडणारातली नाही. "वाच," म्हणली. मी नाव वाचलं, वय वाचलं, आणि जन्मगावाशी आल्यावर जरा खोकलो. ती म्हणली काय झालं, वाच की. वाचलं.

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मग जे काही झालं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. खाटेवरून उठून दारापर्यंत गेली, परत आली, दाखला माझ्या हातातून घेतला, उजेडाकडं धरला जसं काय तिला वाचता येतंय.

"पंच्याऐंशीला टेकले मी," ती म्हणली, "आन् सरकारानं मला त्या तोरणचोरांच्या गावात जल्माला घातलं?"

दाखला आता तिने गादीखाली ठेवलाय. ज्या कामासाठी काढला होता त्या कामासाठी देत नाही म्हणते.